सहा आठवडे माझा डावा हात

आमच्या बॉयलर-शेडमध्ये कामाच्या वेळी कोणी बोलत नसे. बारा हातोडे एकदम पत्र्यावर पडत असले की शेजारच्याचं ऐकू येत नाही, आणि वीस वर्षांनी घरच्यांचंही. सगळं हातांनी चाले. मूठ म्हणजे थांब. ओरडायचं ते एकाच कारणासाठी: वरून काही पडत असलं तर. ओरडा ऐकला की हातातलं सोडून उडी मारायची. विचार नंतर.

हे त्या धर्मप्रचारकाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं.

फोरमननं त्याला जेवणाच्या सुट्टीत बोलायची परवानगी दिली होती. तो दहा मिनिटं आधीच आला. स्वस्थ बसणं त्याच्या पिंडातच नव्हतं. उभा असला तरी एक पाय हलत असे. रिकाम्या खोक्यावर चढला आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "बांधवांनो!"

सगळ्यांनी उड्या मारल्या. मीही मारली, पण डावा अंगठा साखळीखाली सापडला.

त्या दिवसापासून त्याचं नाव भोंगा.

अंगठा वाचला, पण सहा आठवडे पट्टी. माझं काम क्रेनला माल बांधायचं. ते एका हातानं होत नाही. फोरमन म्हणाला, "सोमवारी दुसरा हात घेऊन ये, नाहीतर तुझी जागा दुसऱ्याला." घरी मी या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिलो.

रविवारी भोंगा दारात उभा. बायकोनं विचारलं, "देवाचं सांगायला आलात, की उरलेला अंगठा न्यायला?"

तो मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, चूक माझी आहे. काय करू ते सांगा."

मी आतून म्हटलं, "उद्या सात वाजता या. माझा डावा हात व्हा."

आला. पहिल्या दिवशी एकच साखळी मी त्याच्याकडून सात वेळा सोडवून घेतली. चुकलेली गाठ माणूस मारते. तिथे दयामाया नाही. तळहात सोलले तरी तो पुढची साखळी उचलायचा. खरी पंचाईत वेगळीच होती. विचार करताना त्याचे हात हवेत उडत, आणि आमच्याकडे हाताची प्रत्येक हालचाल हुकूम असते. सुट्टी होताच क्रेनवाला खाली येऊन खेकसला, "अरे, त्याचे हात बांधा! बॉयलर स्वर्गात जाईल!"

मग तो हात पाठीमागे धरून उभा राहायला शिकला. चौथ्या दिवशी मी त्याला अरे-तुरे करू लागलो.

धर्माचं मात्र अवाक्षर नाही. आज काढेल, उद्या काढेल, म्हणून मीच तयारीत असायचो. तोंडावर मारायला उत्तरं जमवून ठेवली होती. पाचवा आठवडा संपला तरी काही नाही. मला चैन पडेना. शेवटी मीच छेडलं, "तुझं ते सांगायचं राहिलंच की रे?"

"तुम्ही सगळे म्हणालात तर," तो म्हणाला. "कसं सांगू, तेही तुम्हीच सांगा."

"खोक्यावर चढू नकोस. एवढंच."

पट्टी सुटली त्या दिवशी हातोडे थांबल्यावर तो आमच्या रांगेत जमिनीवर बसला. डबा खाऊन झाला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी इतरांकडे पाहिलं. क्रेनवाल्यानं खांदे उडवले. मी बोट वर करून सावकाश फिरवलं: हळू उचल.

तो इतका हळू बोलला की आम्हा बहिऱ्यांना सरकून जवळ जावं लागलं. येशूनं मरणाच्या आदल्या दिवशी आपल्या शिष्यांचे पाय धुतले, ती गोष्ट. क्रेनवाल्यानं मध्येच विचारलं, "पाणी कोणी ओतलं?"

"त्यानंच. कमरेला पंचा बांधून."

"आणि पुसले कोणी?"

"तेही त्यानंच."

कोणी हसलं नाही. माझी जमवलेली उत्तरं या गोष्टीला लागू पडेनात. आजही पडत नाहीत, आणि मी अजून काही ठरवलेलंही नाही.

सुट्टी संपली. तो उठला आणि सवयीनं साखळीचं डावं टोक धरून उभा राहिला.

"सोड," मी म्हटलं. "माझा हात बरा झाला."

त्यानं लगेच सोडलं नाही. मीही ओढून घेतलं नाही. वरून क्रेनवाला मूठ दाखवत होता: थांब.