लंकाबाईंच्या टाळूवरचं तांबं

नाशिक रोडला स्टेशनकडून बाजाराकडे यायला लागलं की फुलवाल्या बायकांची ओळ लागते. तिच्यात लंकाबाईंची जागा काही फार मोक्याची नाही. तरीही कित्येक वर्षं सगळ्यात आधी टोपली रिकामी व्हायची ती त्यांचीच, आणि त्याचं कारण त्यांचा अंबाडा होता.

कोबीच्या गड्ड्याएवढा अंबाडा. त्याला मोगऱ्याचा गजरा गुंडाळून त्या बसायच्या. गिऱ्हाईक बायका आधी अंबाडा बघायच्या, मग गजरा, आणि आपल्या डोक्यावरही तो असाच शोभेल अशा समजुतीने विकत घ्यायच्या. घरी जाऊन त्यांचा हिरमोड होत असणार, पण चार दिवसांनी त्या परत यायच्या.

पन्नाशी उलटली आणि केस जायला लागले. आधी फणीत, मग उशीवर, मग भाकरीच्या पिठात. भांगाच्या पायवाटेचा बैलगाडीरस्ता झाला. लंकाबाईंनी उपाय म्हणून अंबाडा आणखी आवळून बांधायला सुरुवात केली. त्याने डोकं ठणकायचं आणि भुवया सदा वर ओढलेल्या राहायच्या, त्यामुळे भाव सांगताना त्यांना स्वतःलाच त्या भावाचं नवल वाटतंय असं दिसायचं. शेवटी अंबाडा कांद्याएवढा उरला आणि गजरा घसरून मानेवर यायला लागला. तेव्हा त्यांनी मेनरोडला जाऊन गुपचूप एक गंगावन आणलं. खोट्या केसांचा चांगला जाडजूड झुपका होता तो. आतून तो गुंतवला आणि चार आकडे खोचले की अंबाडा पुन्हा पूर्वीसारखा.

घरात कुणाला कळलं नाही. म्हणजे सून उज्वलाला कळलं होतं, कारण पोत्यांच्या आड वाळत घातलेलं ते गंगावन तिने पाहिलं होतं. पण ती भिडेखातर गप्प राहिली. मुलगा योगेश एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर जायचा, त्याला झोपेपुढे काही सुचत नव्हतं. आणि मालक बहिरूनाना यांचं म्हणाल तर ज्या गोष्टीला पानं नाहीत तिकडे त्यांचं लक्ष सहसा जात नाही. एकलहऱ्याची धुराडी दिसतात अशा शिवारात त्यांचं झेंडू, शेवंती आणि गुलाबाचं रान आहे. ते पहाटेपासून त्याच्यातच असतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी घोटाळा झाला. झेंडूचा ढीग गुडघ्याएवढा, गिऱ्हाइकांची झुंबड, आणि लंकाबाई सारख्या वाकून फुलं भरतायत. अशात कॉलनीतले एक निवृत्त गृहस्थ फुलं निवडायला ढिगात हात घालत होते. त्यांनी तो झटकन मागे घेतला आणि शांतपणे सांगितलं की बाई, तुमच्या फुलांत कसलं तरी जनावर आहे.

लोक मागे सरले. कुणी म्हणालं घूस, कुणी म्हणालं मुंगसाचं पिल्लू. शेजारी नवसाबाई मेथी-कोथिंबीर घेऊन बसायच्या, त्या ताडपत्रीची काठी उपसून उठल्या. तेवढ्यात लंकाबाईंचा हात सहज मानेमागे गेला आणि जनावर कोणतं ते त्यांना कळलं. विचार करायला वेळ नव्हता. त्यांनी पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाल्या, "मार गं नवसे, बघती काय?"

नवसाबाईंनी मारलं. चांगलं हलायचं थांबेपर्यंत मारलं, खरं तर ते हलतच नव्हतं. मग पुठ्ठ्यावर उचलून गटाराकडे नेताना त्यांना त्यात एक केसांचा आकडा चमकताना दिसला. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, लंकाबाईंच्या पदराकडे पाहिलं, आणि ते सगळं टाकून आल्या. संध्याकाळी न सांगता त्यांनी लंकाबाईंना चहा आणून दिला. लंकाबाई म्हणतात, चहा आला तेव्हाच समजलं की हिला समजलं.

घरी येऊन त्या उज्वलाजवळ आधी रडल्या आणि मग काठीचा प्रसंग सांगताना दोघीही हसत सुटल्या. उज्वला नाशिक रोडलाच औषधांच्या दुकानात काम करते. तिने दिवाळी झाल्यावर त्यांना कातडी आणि केसांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चैताली त्यांचं नाव, वयाने लहान, बोलायला मोकळ्या. बहिरूनानांना त्या दिवशी फवारणी पंपाचा वॉशर घ्यायचा होता, म्हणून तेही बरोबर आले आणि बाहेर कंटाळा येतो म्हणून आत येऊन बसले.

डॉक्टरीणबाईंनी डोक्यावर एक बारकं यंत्र टेकवलं आणि टाळू पडद्यावर दाखवली. लंकाबाईंनी डोळे मिटून घेतले. नाना मात्र खुर्ची पुढे ओढून बघायला लागले. लग्नाला तीस-बत्तीस वर्षं झाली होती, पण बायकोच्या डोक्यात त्यांनी इतकं लक्ष कधी घातलं नव्हतं.

"नांग्या लय पडल्यात," ते म्हणाले. उगवण न होता मोकळ्या राहिलेल्या जागांना शेतकरी नांग्या म्हणतात, हे उज्वलाने डॉक्टरीणबाईंना समजावलं. त्या म्हणाल्या, बरोबर आहे काकांचं.

मग त्यांनी सगळं नीट सांगितलं. रक्त तपासा, लोह कमी असणार, तसं निघालं की गोळ्या सुरू करा. अंबाडा आवळणं आजपासून बंद, त्या ओढीने मुळं सैल होतात. वयाने केस बारीक होतात तो भाग वेगळाच. आणि टाळूवर रोज लावायला एक सीरम लिहून दिलं. त्यात कॉपर पेप्टाइड आहे, म्हणजे तांबं, असं म्हणताच नाना सरळ बसले.

"तांबं होय? मग विकत कशाला? फवारणीचं मोरचूद हाय की घरात, अर्धी गोणी."

डॉक्टरीणबाईंच्या हातातलं पेन थांबलं. मोरचूद डोक्याला लावाल तर कातडी भाजेल आणि उरलेले केसही जातील, हे त्यांनी दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा नानांकडे बघून सांगितलं. मग त्या म्हणाल्या की नुसतं तांबं वेगळं आणि हे वेगळं. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा अगदी बारका तुकडा. तो तांब्याचा कण धरून ठेवतो आणि कातडीला सोसेल, घेता येईल अशा रूपात पोचवतो. आपलं शरीरही असला एक तुकडा स्वतः बनवतं, वय वाढलं की तो कमी होत जातो.

नानांनी डोक्यावरची टोपी मागे सरकवली. "म्हंजे चिलेटेड."

कृषी सेवा केंद्रात झिंक, लोह असं काही मिळतं ते साधंही मिळतं आणि चिलेटेडही. साधं मातीत अडकून बसतं, चिलेटेड मुळाला लागू पडतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साधारण तसंच समजा. या उत्तराचा त्यांना पुढे पश्चात्ताप झाला असावा, कारण नानांनी त्या क्षणापासून लंकाबाईंचं डोकं आपल्या रानात धरलं.

"पण केस येतील का?" लंकाबाईंनी विचारलं.

"येऊ शकतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "येतीलच असं मी म्हणणार नाही, मावशी."

टाळूची आग आणि सूज कमी होते, मुळाजवळचा रक्तपुरवठा सुधारतो, केस वाढीच्या अवस्थेत जास्त दिवस राहतो, असं काही अभ्यासांत दिसलंय. पण माणसांवरचे मोठे अभ्यास अजून थोडे आहेत. मूळ जिवंत असेल तिथेच काही होईल, आणि तेही कित्येक महिन्यांनी. आधी कानामागे थोडं लावून बघा, खाज आली नाही तरच डोक्याला लावा. लंकाबाईंना यातलं 'येऊ शकतात' तेवढंच ऐकू आलं. उज्वलाला सगळं ऐकू आलं, म्हणून घरचं गाडं नीट चाललं.

बाटली छोटी होती आणि आतलं पाणी निळं. तांब्यामुळेच निळं, असं उज्वलाने सांगितलं. रोज दिवेलागणीनंतर लंकाबाई ओट्यावर बसायच्या आणि नाना ड्रॉपरने थेंब सोडायचे. पहिल्या दिवशी उज्वला लावायला आली तर त्यांनी तिला बाजूला केलं. शेपटीच्या कंगव्याने ते केसांत सरी पाडायचे, सरीत थेंब सोडायचे, पुढच्या सरीला जायचे. पाणी कडेला वाहून जाऊ नये म्हणून लंकाबाईंची मान सपाटीत आहे का ते आधी बघायचे. मग बोटांच्या टोकांनी हलकं चोळायचे आणि तोंडाने अहवाल द्यायचे. उत्तरेला बरं हाय. मधल्या पट्ट्यात अजून काय नाय. लंकाबाई म्हणायच्या, अहो हळू बोला, रस्त्यावर ऐकू जातं.

पण पंधरवडाभर काही दिसेना तेव्हा नानांना औषधाबद्दल शंका आली. कुठलंही औषध आधी दोन झाडांवर मारून बघायचं आणि मग प्लॉटला द्यायचं ही त्यांची रीत. त्यांनी अंगणातली मोगऱ्याची एक कुंडी निवडली आणि बाटली जवळजवळ तिच्यात पालथी केली. उज्वला कामावरून आली तर मोगरा ओला आणि बाटलीच्या तळाशी जेमतेम थेंब. ती सासऱ्यांना उलटून बोलत नाही. तिने फक्त ती रिकामी बाटली त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि वाढायला लागली. नानांनी खाली मान घालून जेवण केलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात जाऊन नवी बाटली घेऊन आले. मोगऱ्याचं काही बरंवाईट झालं नाही. तो आधीसारखाच राहिला, तरी नाना म्हणत राहिले की पानाला चकाकी आलीय.

तिकडे बाजारात नवसाबाईंना राहवेना. त्यांचेही केस विरळ होते, फक्त त्यांनी कधी बोलून दाखवलं नव्हतं. एका दुपारी त्यांनी लंकाबाईंना विचारलं की तू सध्या काय लावतेस. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, आणि लंकाबाई घाईत एवढंच म्हणाल्या की तांब्याचं औषध हाय. नवसाबाईंनी घरी जाऊन तांब्याच्या कळशीत आंबट ताक ओतलं, ते दोन दिवस मुरू दिलं आणि हिरवट झाल्यावर त्याने न्हाल्या. काळे केस काळेच राहिले. पांढरे तेवढे हिरवे झाले.

दुसऱ्या दिवशी ओळीत दोघी पदर पुढे ओढून बसलेल्या. मेथीच्या जुड्यांमागे नवसाबाई बसल्या होत्या आणि त्यांच्या डोक्याला आंबूस वास येत होता. लंकाबाईंनी पदर जरासा उचलून आत पाहिलं आणि हसू दाबता दाबता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दसऱ्याला मी तुझं मारलं," नवसाबाई म्हणाल्या, "तवा हसले का मी?"

लंकाबाईंनी हसणं थांबवलं आणि संध्याकाळी त्यांना रिक्षाने डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या. तिथे पुन्हा एकदा सांगण्यात आलं की घरचं तांबं, मोरचूद, कळशी, ताक यांतलं काहीही डोक्याला लावायचं नाही. टाळू लाल झाली होती, म्हणून नवसाबाईंना केसांचं औषध मात्र मिळालं नाही. खाजेचं मलम तेवढं मिळालं आणि हिरवे केस कापायचा सल्ला. त्यांनी ते कापले. मानेपर्यंतचे केस त्यांना चांगले दिसतात, असं ओळीतल्या सगळ्या बायका म्हणतात.

माघ सरत आला तेव्हा लंकाबाईंचे केस गळायचे थांबले होते. भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे राहिले. ते तेलाने बसत नव्हते, पाण्याने बसत नव्हते. विजेचा झटका बसल्यासारखं दिसतं म्हणून योगेशने आईला चिडवलं, आणि तो वीजकेंद्रात असल्यामुळे नाना म्हणाले की त्यातलं ह्याला कळत असेल. लंकाबाई आरशासमोर उभ्या राहून ते आखूड केस तळहाताने चाचपायच्या. ते टोचायचे. टोचतात हे त्यांना फार आवडायचं.

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पडद्यावर दाखवलं. या वेळी लंकाबाईंनी डोळे उघडे ठेवले. नानांनी विचारलं की हे कशाने झालं, चिलेटेडनेच ना? त्या म्हणाल्या, लोहाच्या गोळ्यांनीही झालं असेल, अंबाडा सैल सोडल्यानेही, सीरमनेही. तिन्ही एकदम सुरू केल्यावर नेमकं कशाचं हे मला सांगता येणार नाही. नानांना हे उत्तर पटलं नाही. चौथं कारण, म्हणजे सरी पाडणारा माणूस, त्यात धरलंच नव्हतं.

निघताना त्यांनी टोपी काढली आणि आपलं डोकं पुढे केलं. चाळिशीपासून ते तुळतुळीत आहे. डॉक्टरीणबाईंनी यंत्र फिरवून पाहिलं आणि जरा संकोचून सांगितलं की काका, इथली मुळंच मिटली आहेत, इथे औषधाने काही होणार नाही.

"ते बरोबर हाय," नाना म्हणाले. "पडीक किती वर्षांची." आणि टोपी घालून ते वॉशर बदलून घ्यायला गेले, कारण मागचा बसला नव्हता.

कोबीएवढा अंबाडा काही परत आला नाही. लंकाबाई आता सैल वेणी घालतात आणि तिच्यात मोगऱ्याचा आखूड गजरा माळतात. ओळीत सगळ्यात आधी माल संपतो तो हल्ली नवसाबाईंचा. डोक्याबद्दल विचारायला येणाऱ्या बायका मात्र लंकाबाईंकडे येतात. त्या त्यांना लोह तपासायला सांगतात, कळशीपासून लांब राहायला सांगतात, आणि गजरा घेणार नसाल तर जरा बाजूला उभं राहा असंही सांगतात.

आता दिवसाआड लावलं तरी चालेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय. आरशात बघून स्वतःचं स्वतः कसं लावायचं तेही उज्वलाने लंकाबाईंना शिकवलंय, आणि त्यांना ते चांगलं जमतं. नानांना त्यांनी यातलं काही सांगितलेलं नाही. दिवेलागण झाली की त्या ओट्यावर जाऊन बसतात आणि मान सपाटीत धरतात.