भाऊची कविता अन् आमची घोषणा

कवी माणूस राजकारणात पडला की किस्स्यायले तोटा नाही. दिग्रसच्या बसस्टँडसमोर आमी भाऊचे जुने कार्यकर्ते बसलो की एकातून दुसरा निघते, अन् चहा तसाच राह्यते.

भाऊ आमचे पंचायत समितीचे माजी सभापती. आधी कवी, मंग सभापती. वहिनीची एकच तक्रार, "साऱ्या तालुक्यावर कविता केल्या. माह्यावर एक ओळ नाही." भाऊ म्हणे, "लिहून राह्यलो ना." लग्नापासून लिहूनच राह्यले होते.

*

उमरखेडले कविसंमेलन होतं. आमी जीप भरून गेलतो. भाऊनं नदीवरची कविता सुरू केली, एकदम हळू आवाजात. तिथं वाहवा म्हणावं लागते, हे आमाले कोणं सांगतलं होतं? आमच्यातल्या गजाननची मूठ सवयीनं वर गेली, "भाऊ, तुम आगे बढो!"

आमी मागून, "हम तुम्हारे साथ हैं!"

अध्यक्ष दचकलेच. येताना पुसदले भाऊनं जीप थांबवली. मंग म्हणे, "गड्याहो, कविता हाय ते. मोर्चा नाही."

गजानन काही सुधरला नाही. पुढच्या संमेलनातही तेच.

*

एकदा तांड्यावरच्या बाया हातपंपाचा अर्ज घेऊन आल्या. भाऊनं शेरा माराच्या जागी चार ओळी कविता लिहिली, कोरड्या घागरीवर. हापिसातल्या बाबूनं न वाचताच "योग्य त्या कार्यवाहीसाठी" म्हणून यवतमाळले पाठवली. तिकडून विचारणा आली, "सदर कवितेचा खर्च कोणत्या योजनेतून करावा?"

पंप मात्र बसला. भाऊ अजून म्हणते, "माही कामात आलेली कविता तेवढीच."

*

भाऊ इलेक्शन हारले त्या दिवशी आमी रडतच घरी गेलो. वहिनीनं साऱ्यायले पिठलं-भाकर वाढली अन् भाऊले म्हणे, "बरं झालं. आता तरी लिहान."

*

त्याच उन्हाळ्यात वहिनीले लकवा मारला. डावी बाजू गेली. भाऊनं सभा-संमेलनं सारं सोडलं. वहिनीची वेणी घालाले शिकले. वाकडी होये, वहिनी तशीच ठेवे. डॉक्टर म्हणे चालल्याशिवाय पायात जोर येत नाही, अन् वहिनी पडाच्या भेवानं उठेच नाही. आमचा जीव लय तुटे.

एक दिवस भाऊनं आमाले बोलावलं. वहिनीवरची कविता झालती. अट एकच, खाटेपासून फाटकापर्यंत चालत आली तर ऐकवीन.

वहिनी उठली. काठी धरून अंगणाच्या मधात आली अन् थांबली. पाय थरथरून राह्यला होता. भाऊनं घाईघाईनं कागद उघडला, पण आवाजच निघेना. आमी खाली पाहत उभे.

गजानन हळूच म्हणे, "वहिनी, तुम आगे बढो."

मागून आमी म्हणाच्या अगोदर भाऊच म्हणे, कागद तसाच हातात, "हम तुम्हारे साथ हैं."

वहिनीनं पाय उचलला. फाटकापाशी पोहोचली, दम घेतला, अन् भाऊले म्हणे, "हे लिहून ठेवा."