संडासाच्या पाइपचा सांधा

लातूर नवा जिल्हा झाला आणि नवऱ्याची बदली निलंग्याहून तिथे झाली. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. एका व्यापाऱ्याच्या घराचा वरचा मजला आम्ही भाड्याने घेतला तो एकाच कारणाने, तिथे वरच संडास होता. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलेलं. मधे भोक पाडलेल्या खुर्चीशिवाय त्यांना बसता येत नव्हतं. हे जमलं नाही तर त्यांना जळकोटला दिराकडे धाडावं लागणार होतं, आणि तिथे होतं उघडं रान.

त्या उन्हाळ्यातल्या दुपारी मला आता झोपेत पाहिल्यासारख्या आठवतात. सगळीकडे पांढरं ऊन, पत्र्यावर कावळ्याची पावलं, आणि भिंतीमागे टिप टिप. अर्धवट झोपेत वाटायचं, लांब कुठेतरी घागर भरते आहे. तो आवाज मला आवडायला लागला होता, हे सांगताना लाज वाटते, कारण गळत होता आमच्या संडासाचा पाइप.

तो गळायचा खाली मालकीणबाईंच्या देवघराच्या भिंतीवर. त्या लिंगायत. रोज अंघोळ करून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायच्या. एके दिवशी वर आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सूनबाई, त्या वासात पूजेला बसू वाटंना मला. सांधा नीट करून घ्या, न्हाईतर संडासाला कुलूप लावते."

गवंडी आला. जुना सांधा फोडून त्याने डांबरात बुडवलेली सुतळी ठासली, वर सिमेंट लिंपलं, गोणपाट गुंडाळलं. "दिवसातून चार बार पाणी मारा," म्हणाला आणि गेला. टँकर दर तिसऱ्या दिवशी यायचा. संडासाच्या पाइपला पाजायला पाणी आणू कुठून? मी गोणपाटावर ओला हात फिरवायचे आणि तेवढ्यावर भागवायचे. पाचव्या दिवशी सांधा तडकला. मी गवंड्याला तोंडभर शिव्या दिल्या. चूक माझी होती.

त्याने पुन्हा सांधा भरला. गवंडी पहिल्यांदा आला त्या दिवसापासून संडास बंदच होता, मी सासूबाईंना भांडं द्यायचे आणि गल्लीच्या टोकाला नेऊन ओतायचे. तेव्हा एकदा नीट बघितलं तर त्यांचे ओठ फुटले होते. सकाळी उशाशी ठेवलेला तांब्या संध्याकाळी तसाच भरलेला.

"तहानच न्हाई गं," त्या म्हणाल्या.

जायला लागू नये म्हणून त्यांनी पाणीच सोडलं होतं. आणि मी इतके दिवस शेजारणींना सांगत होते, आमच्या म्हातारीला पाणी किती कमी लागतं. कौतुकाने सांगत होते. आधी त्यांचाच राग आला, मग पायऱ्यांवर बसून मी रडले. मालकीणबाईंनी विचारलं तेव्हा सगळं सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून पाहते तर मागच्या भिंतीला शिडी लावलेली आणि तिच्यावर मालकीणबाई. अंघोळीनंतर त्या पाइपला शिवल्या नसत्या, म्हणून आधीच आल्या होत्या. अंघोळीची त्यांची बादली एकच. तिच्यातले दोन तांबे त्या गोणपाटावर अगदी सावकाश सोडत होत्या. उरलेल्यात अंघोळ, मग पूजा. दहा दिवस असंच चाललं. ऊन अजून कोवळं असायचं, गोणपाट हळूहळू काळं होत जायचं, आणि मी खिडकीशी उभी राहून नुसती बघत राहायचे.

अकराव्या दिवशी मी संडासात अख्खी बादली ओतली. मागे शिडीवरून मालकीणबाईंनी सांध्यावर तळहात फिरवला. "कोरडं हाय," त्यांनी वर सांगितलं.

सासूबाईंनी ते ऐकलं. उठून बसल्या. "पाणी दे गं."

तांब्या तोंडाला लावून त्या पीत राहिल्या. गळा हलताना मला दिसत होता. मला इतका आनंद झाला होता, आणि तरी तोंडातून निघून गेलं, "जरा हळू, आत्याबाई. टँकर परवा यायचाय."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मी तो लगेच काठोकाठ भरून पुढे केला, हाताला धरून विनवलं.

"न्हाई गं," पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "भागली माझी तहान."