तारीक सांग

“लवकर नको. तारीक सांग.”

हे बोलताना मावशी समोरच्याकडे बघायच्यासुद्धा नाहीत. विळीवर बांगडा साफ करता करता डाव्या हाताचा पंजा उघडून पुढे धरायच्या, तारीख जशी काही त्या हातावरच ठेवायची होती.

दिवाळे कोळीवाड्यातून मासे घेऊन त्या सानपाड्याला आमच्या सोसायटीच्या गेटपाशी बसायच्या. वय साठीच्या आसपास, अंगाने आडव्या, आवाज थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत पोचणारा. त्यांच्यासमोर मोघम बोलायची सोय नव्हती. एकदा आमचे सेक्रेटरी कुणाला तरी “लिफ्ट लवकरच चालू होईल” म्हणाले, तर लिफ्टशी काडीचा संबंध नसलेल्या मावशींनी त्यांनाच तारीख विचारली. ते गडबडून “शुक्रवारी” म्हणून गेले. शुक्रवारी सकाळपासून मावशी येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होत्या, “चालली काय?” लिफ्ट खरंच संध्याकाळी चालली. त्यानंतर सेक्रेटरी मागच्या गेटने ये-जा करू लागले. आमच्या समोरच्या फ्लॅटमधली सून “बाळाचं बघू पुढे” म्हणाली आणि तिलाही तारीख द्यावी लागली. तेव्हापासून ती मासे ऑनलाइन मागवते.

आम्ही हसायचो. तुम्हीही हसला असतात.

मी वकील आहे हे त्यांना वॉचमनकडून कळलं. एके दुपारी रिकामी टोपली दाराबाहेर ठेवून त्या आत आल्या आणि सोफा सोडून खाली फरशीवर बसल्या.

“बाय, माजा भाव जेलान हाय.”

भाऊ त्यांच्याहून बराच लहान. आई लवकर गेली, तो मावशींच्याच कडेवर वाढला. मोठा झाल्यावर पावणे एमआयडीसीत एका छोट्या कारखान्यात लागला. तिथे मुकादमाशी जुंपली, कामावरून काढून टाकलं. दोन दिवस पीत राहिला आणि मग जाऊन त्याने कारखान्याचं गोदाम पेटवलं. आत तीन मजूर झोपले होते, लांबून पोटासाठी आलेले. तिघेही गेले.

खालच्या कोर्टाने फाशी दिली. हायकोर्टाने ती काढून जन्मठेप दिली, पण नेहमीची नाही. नेहमीच्या जन्मठेपेत काही वर्षांनी सुटकेसाठी सरकारकडे अर्ज तरी करता येतो. इथे कोर्टाने लिहिलं होतं की शेवटच्या श्वासापर्यंत आणि कसलीही सूट न देता.

“मरेपर्यंत,” मी म्हटलं. दुसरा सोपा शब्द मला सापडला नाही.

“कुनाचे मरेपरत? त्याचे का माजे?”

मी उठून पाणी आणलं.

मग सवयीने विचारलं, “आत माणसं आहेत हे त्याला माहीत नव्हतं ना?”

“म्हाईत होता.”

“मावशी!”

“मना बोल्ला तो. पेटवताना डोका ठिकानावर नवता, पन म्हाईत होता. खोटा कला बोलू?”

“हे दुसऱ्या कुणाला सांगू नका.”

“मना कोन विचारतंय?” त्या म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या.

भाऊ निर्दोष आहे असं मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. त्यांच्या शेजारणीने मला एक गंमत म्हणून सांगितलं होतं की नारळी पौर्णिमेला ही बाई दर्याला आपला नारळ देऊन वर तीन नारळ आणखी देते. “दर्याकडं किती मागशील ग?” असं बायका चिडवायच्या. मावशीही हसून म्हणायच्या, “माजी हाव मोठी हाय.” मी मात्र त्या गमतीवर पुन्हा कधी हसले नाही.

भेटीच्या दिवशी त्या बाजारातून तशाच तुरुंगात जायच्या. आधी दोघांच्या मध्ये नुसती जाळी होती. भाऊ वास घेऊन ओळखायचा, आज कोलंबी, आज मांदेली. पुढे काच बसली आणि बोलायला फोन आला. मावशींनी त्यावर उपाय काढला. फोनवर त्या त्याला अख्खा बाजार ऐकवायच्या. कुठला मासा आला, केवढा आला, कालवणात चिंच घातली की कोकम, खाली किती रस्सा उरला, सगळं. त्यांचा आवाज तो, फोनचं फक्त नाव. रांगेतल्या सगळ्या नातेवाइकांच्या तोंडाला पाणी सुटायचं. एकदा ड्यूटीवरच्या हवालदाराने येऊन हळूच विचारलं म्हणे, “मावशी, ताजा हलवा कुठे मिळेल?” मावशींनी फोन खाली न ठेवता त्याला पत्ता सांगितला.

अपील दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात होतं. तिथे सरकारी मदतीतून मिळालेले एक वकील होते, इकडची कागदपत्रं मी बघत होते. आमचं म्हणणं काय आहे ते मावशींना समजावणं मला कोर्टापेक्षा अवघड गेलं.

“आपण त्याला सोडा म्हणत नाही,” मी सांगितलं. “शिक्षा मोठीच राहील. फक्त कधीतरी कुणीतरी त्याच्याकडे पुन्हा बघावं, तो बदलला का ते तपासावं. पुन्हा बघायचंच नाही असं आधीच ठरवून टाकणं माणसाच्या हक्काविरुद्ध आहे, असं बाहेरच्या काही न्यायालयांनीही म्हटलंय.”

“सोड नाय बोलायचा?”

“नाही.”

“निस्ता बग बोलायचा?”

“हो. बघा म्हणायचं.”

मग म्हणाल्या, “सुकट वालत टाकली तरी दुपारची एकदा परतून बगतंव आमी. तू त्यांना हा सांग.”

मी दिल्लीच्या वकिलांना फोनवर सांगितलं. ते मनापासून हसले. म्हणाले, फार छान आहे, पण सुकट म्हणजे काय हे सांगण्यातच माझा वेळ संपेल. हा निरोप ऐकून मावशी माझ्यावरच उखडल्या. “सुकट म्हाईत नाय नि न्याय करतंन?”

निकाल यायला काही वर्षं गेली. त्या काळात मावशींनी मला तारीख विचारली नाही असा आठवडा गेला नाही आणि मला ती कधी सांगता आली नाही. मीही मागच्या गेटने जायला लागेन की काय, अशी वेळ आली होती.

शेवटी ‘शेवटच्या श्वासापर्यंत’ हे शब्द निघाले. त्यांच्या जागी आलं, तीस वर्षं, त्याआधी सूट नाही. मी फोन केला नाही, दिवाळ्यालाच गेले. मावशी खाडीकाठी बोंबील वाळत घालत होत्या. मी सांगितलं. त्यांनी ओले हात लुगड्याला पुसले.

“म्हंजे तारीक हाय?”

“आहे.”

“पक्की?”

“पक्की.”

पदर तोंडावर घेऊन त्या तिथेच बसल्या. शेजारच्या बायका धावल्या, त्यांना वाटलं वाईटच बातमी आली. मावशींनी त्यांना हाताने गप्प केलं आणि मला विचारलं, “मी तवा केवड्याची असन?”

“ऐंशीच्या पुढे असाल, मावशी.”

आत गेलेली वर्षं धरूनही एवढी उरत होती. त्या उठल्या, उरलेले बोंबील वाळत घातले.

पुढे जे सुरू झालं ते आमच्या सोसायटीने डोळ्यांनी पाहिलं. मावशींनी मिश्री सोडली. जन्मभराची सवय, हिरड्या काळ्या पडलेल्या, पण सोडली. पहिला महिनाभर त्या इतक्या चिडक्या झाल्या होत्या की गिऱ्हाइकं भाव न करताच मासे नेत होती. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, ज्या त्या पूर्वी टोपलीतच विसरायच्या, आता वेळेवर घेऊ लागल्या. लिफ्ट चालू असताना जिन्याने चढायच्या. चहात साखर घातली की मला ओरडा बसायचा. मी एकदा त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले होते. डॉक्टरांनी विचारलं, “काय त्रास होतो?”

“तरास काय नाय. मना ऐंशीच्या पलीकडं जायाचा हाय. कसा जायाचा ता सांग.”

डॉक्टर म्हणाले, “मीठ कमी करा.” सुकट विकणाऱ्या बाईने तेही केलं.

एवढं करूनही त्या गेल्या. सकाळी धक्क्यावर होडीतून मासे उतरवून घेताना खाली बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मेंदूत रक्तस्राव झाला होता. बातमी कळताच मी अर्ज घेऊन धावले. भावाला पोलीस बंदोबस्तात काही तासांसाठी सोडलं.

मी त्याला आजवर कागदपत्रांतल्या फोटोत पाहिलं होतं. फोटोतला पोरगेला चेहरा कुठल्या कुठे गेला होता, डोकं बरंचसं पांढरं झालं होतं. सांगितलं तिथे तो उभा राहिला, सांगितलं तेव्हा त्याने अग्नी दिला. रडला नाही. येणाऱ्या प्रत्येकापुढे थोडी मान खाली घालत होता.

परत निघायच्या आधी शेजारीण त्याला म्हणाली, “वर चल. तुजी खोली बगून जा.”

त्याने तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला काहीच ठाऊक नव्हतं.

लोखंडी जिन्याने आम्ही वर गेलो. निकाल लागल्यावर मावशींनी घरावर पत्र्याची एक खोली चढवली होती. निळा रंग, खाडीकडे उघडणारी खिडकी, एक पलंग. पलंगावरच्या गादीचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं.

त्याने चपला दाराबाहेर काढल्या. पलंगाच्या कडेला टेकला, तसं प्लॅस्टिक करकरलं आणि तो झटकन उठून उभा राहिला.

“बस रं,” शेजारीण म्हणाली. “तुजीच हाय.”

तो पुन्हा बसला. दोन्ही तळवे गादीवर टेकवून खिडकीतून खाडीकडे बघत राहिला. बरोबर आलेल्या हवालदारांनी भिंतीवरचं बटण दाबून पंखा लावला आणि ते बाहेर जिन्यावर जाऊन उभे राहिले.