सुशीची जांभई

आधीच सांगते, मी भुताखेतांची बाई नाही. अमरावतीच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवलंय. वर्गात कुणी चिंचेवरच्या बाईची गोष्ट काढली, की मी त्याला सावलीवरून त्या चिंचेची उंची काढायला लावायचे. या ग्रुपवरचे अनुभवही मी चहा पिता पिता हसतच वाचते... राग मानू नका. पण एक गोष्ट मीही पाहिली आहे, आणि तीही भर दुपारी.

एकसष्ट-बासष्टचा सुमार. आम्ही दर्यापूरला राहायचो, बाबा तिथे मास्तर होते. मी सतरा वर्षांची, धाकटी बहीण सुशी चौदाची. सहा वर्षांची असताना ती ओट्यावरून हनुवटीवर पडली. जखम आठवड्यात भरली, पण त्यानंतर तिचं तोंड उघडणं दरवर्षी थोडं थोडं कमी होत गेलं. शेवटी तर दातांच्या दोन रांगांमधून नखही जाईना. उजवीकडचा एक दात किडून पडला होता, त्या फटीतून ती दुधात कुस्करलेली भाकरी बोटाने आत ढकलायची. बोलायची मात्र भरपूर, दात मिटून. आम्हाला सगळं कळायचं.

आपल्याकडे भ्यायलेल्या माणसाची दातखीळ बसते ना... त्यामुळे घरी येणारी प्रत्येक बाई आईला हळूच विचारायची, "काय पायलं व्हतं बाप्पा पोरीनं?" आत्याने तर एकदा अंगाराही आणला. मी तो मागच्या दारी फेकून दिला आणि आईची बोलणी खाल्ली.

त्या पावसाळ्यात सुशीला ताप आला, उलटी झाली, आणि ती उलटी तोंडातून बाहेर पडेना. पोर निळी पडली. आईने तिला पालथी धरून पाठीवर थापट्या मारल्या, नाकातून थोडं बाहेर आलं, तेव्हा कुठे श्वास लागला. त्या दिवशी आम्हाला कळलं की हे नुसतं खाण्यापिण्याचं दुखणं नाही, एखाद्या साध्या तापात ही आपल्या हातून जाईल.

दिवाळीनंतर बाबा आम्हा दोघींना घेऊन निघाले. अमरावतीला कवळ्या बसवणारे एक डॉक्टर होते. त्यांनी सुशीच्या कानापुढे बोट ठेवून बराच वेळ चाचपलं आणि म्हणाले, हे दातांचं काम नाही, जबड्याच्या सांध्याचं आहे, त्याचे वेगळे सर्जन असतात. कुठे असतात, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी आणखी घाबरवलं. हाडाला हाड चिकटलेलं दिसतं, म्हणाले, तिथे सुरी लावली आणि नस दुखावली तर चेहरा वाकडा होईल. मुलीची जात आहे, विचार करा.

परतताना मूर्तिजापूरला दर्यापूरच्या छोट्या गाडीसाठी थांबलो. कापसाचा सीझन होता. फलाटावर गाठींची थप्पी लागलेली, आणि उन्हात कापसाचे बारीक तंतू तरंगत होते, खाली यायची त्यांना घाईच नव्हती. सगळं स्टेशन पेंगत होतं. सुशी एका गाठीला टेकून डोळे मिटून पडली होती. बाबा माझ्याजवळ बसून म्हणाले, "आता पुरे कुमुद. जशी आहे तशी राहू दे तिले." मग ते नळावर पाणी आणायला गेले.

आणि सुशीने जांभई दिली.

सावकाश, मोठी... तुम्ही-आम्ही देतो तशी. खालचा जबडा अलगद खाली गेला, चार बोटं जातील एवढं तोंड उघडलं. ऊन थेट आत पडलं. मला तिची जीभ दिसली, पडजीभ दिसली. डावीकडे खालच्या रांगेच्या मागे एक दात आडवा उगवला होता, तोही दिसला. मी अजिबात भ्यायले नाही. उलट, फार फार बरं वाटलं. मग तोंड तितक्याच सावकाश मिटलं.

बाबा आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. त्यांनी सुशीला उठवून दातांत नख घालून पाहिलं. जाईना.

"डोया लागला असन तुया," ते म्हणाले.

"नाही बाबा. मी पायलं."

गाडीत बसल्यावर बाबा म्हणाले, "उघडते तं मंग कोनीतरी उघडू शकन."

त्यानंतर त्यांनी पोस्टकार्डांचा सपाटा लावला. मुंबई, हैदराबाद, नागपूर, जिथे मोठं हॉस्पिटल असेल तिथे. प्रत्येक कार्डात एक ओळ असायची : मुलीचे तोंड झोपेत पूर्ण उघडते. दीड महिन्याने एकच उत्तर आलं, नागपूरहून. जबड्याचं शिक्षण घेऊन नुकतेच परतलेले एक सर्जन होते. त्यांनी लिहिलं होतं, झोपेत उघडत असेल तर केस वेगळी आहे, मला बघायची आहे.

नागपूरला त्यांनी एक्स-रे काढला आणि आम्हाला आत बोलावलं. दोन्ही हाडं एक झाली होती, केसाएवढी फट नव्हती. "हे तोंड गेल्या कित्येक वर्षांत उघडलेलं नाही," ते म्हणाले. "झोपेत उघडतं, हे कुणी पाहिलं?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. मी त्या आडव्या दाताचंही सांगितलं. डॉक्टर हसले. म्हणाले, थाप मारलीस, पण बरं केलंस, नाहीतर मी बोलावलंच नसतं. आता आलाच आहात तर ऑपरेशन करू.

बाबा मात्र हसले नाहीत. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. इतक्या मोठ्या डॉक्टरांसमोर मुलगी खोटी ठरली, हे त्यांना फार लागलं होतं. मला रडूही येईना.

ऑपरेशन चार तास चाललं. बेशुद्ध करायला गळ्यातून नळी घालावी लागली. डॉक्टर बाहेर आले, म्हणाले, तोंड उघडलं, चेहराही शाबूत आहे. मग माझ्याकडे वळून त्यांनी कापसात गुंडाळलेला एक दात दाखवला.

"होता," एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

बाबांनी मला विचारलं, जेवलीस का.

सुशी आता अकोल्याला असते, नातवंडांवर तोंड भरून ओरडते. हा सगळा प्रसंग मी तिला परवा पहिल्यांदाच नीट सांगितला. इतकी वर्षं का सांगितला नाही, ते पुढे कळेल. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "ताई, मी झोपलीच नव्हती त्या दिवशी. डोये मिटून पडली होती."

मी विचारलं, मग जांभई?

"कायची जांभई? तोंड कुठं उघडत होतं माह्यं? मले ओरडावंसं वाटून राहिलं होतं फक्त. बाबा म्हनले आता पुरे... आन तू हो म्हनलं."

हे मी वर लिहिलेलं नाही. लिहिणारही नव्हते. बाबा 'पुरे' म्हणाले तेव्हा मी 'हो' म्हणाले होते. मलाही कंटाळा आला होता, मलाही घरी जायचं होतं. त्यानंतर मिनिटभरात मला ते दिसलं. का दिसलं, कसं दिसलं, मला आजही सांगता येत नाही. सुशीची माफी मात्र मी परवा मागितली, साठ वर्षं उशिराने.