जप्त केलेला बांध

ती घटना आठवली नाही असा एकही पावसाळा गेला नाही, पण सांगायचे मात्र मी वर्षानुवर्षे टाळले. त्या तपासातली चूक माझी होती.

वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यात फौजदार म्हणून माझी नेमणूक होती. तिथल्या एका दगडखाणीचा परवाना संपला. खाणवाल्याने फाटकाला कुलूप घातले आणि टाकाऊ माती-मुरमाचा प्रचंड ढीग उतारावर तसाच सोडला. खाली वाडीचा पिण्याच्या पाण्याचा झरा होता. काही दिवसांनी त्याच खाणवाल्याची फिर्याद आली: खाणीतले दगड चोरीला जातात.

टपरीवरच्या माझ्या खबऱ्याने नाव दिले. चौकशीला आणला तो सत्तरीचा म्हातारा, त्याच खाणीत उभा जन्म सुरुंगाची भोके पाडलेला.

"बाबा, दगड कुणाला विकले?"

"इकले न्हाईत. लावल्यात."

"कुठे?"

"चला, दावतो. चालवंल का पर तुमास्नी? पोट लई हाय."

ठाणे अंमलदार हसला. मीही हसलो.

ढिगाच्या पायथ्याशी कंबरभर उंचीचा दगडी बांध होता. सिमेंट नाही, काही नाही, नुसती रचाई. मध्येमध्ये भोके ठेवलेली.

"ही कशाला?"

"डोंगराला बी मुताया जागा लागती, सायेब. न्हाईतर फुगतो, अन् समदं झऱ्यावर येतं."

मला ते पटले होते, हे आज लिहून ठेवतो. पण गुन्हा उघडकीस आला होता आणि मुद्देमाल समोर होता. पंचनामा केला, बांधाचा दगडन् दगड सुटा केला, ट्रॅक्टरने ठाण्यात आणला. म्हातारा एवढेच म्हणाला, "पावसापुरता तरी ऱ्हाऊ द्या. मंग म्या सोता आणून टाकतो."

श्रावणात ढीग घसरला. माणूस दगावले नाही, पण झरा गाडला गेला. वाडीतल्या बाया पार पलीकडच्या ओढ्यावरून पाणी आणू लागल्या.

कोर्टाच्या तारखेला येता-जाता म्हातारा ठाण्याच्या आवारात त्या दगडांवर बसायचा. शिपायांना बजावायचा, "नीट बसा रं, माजा बांध हाय." उन्हाळ्यात माझ्यासाठी पानाच्या द्रोणात करवंदे आणायचा. मी ती खात असे.

दगड टाकाऊच होते, त्यामुळे चोरी ठरली नाही आणि म्हातारा निर्दोष सुटला. ते परत देण्याचा हुकूम झाला तेव्हा ट्रॅक्टरबरोबर मी स्वतः गेलो. वाडीने माती उपसून झरा मोकळा केला होता. म्हाताऱ्याने मला थेट कामालाच लावले.

"मोठा नगं, मदला द्या."

मी दोनदा तोंड उघडले.

"बोलू नगा सायेब, वझं उचलताना दम जातो."

खाण बंद करणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, हे मी त्या दिवशी शिकलो. ढिगाला उतार द्यावा लागतो, पाण्याला वाट काढून द्यावी लागते, वर गवत धरावे लागते आणि दर पावसाळ्यात कुणालातरी बघून यावे लागते. तो ते आपणहून करत होता. मी त्याला आरोपी केले.

पुढे माझी बदली झाली. निवृत्तीनंतर गेलो तेव्हा म्हातारा राहिला नव्हता. बांध होता, भोकांतून पाणी ठिबकत होते. एक दगड सैल झाला होता, तो मी जागेवर बसवला. जे बोलायला गेलो होतो ते तसेच परत घेऊन आलो.

बाबा, तुमचा बांध बरोबर होता. मला तेव्हाच कळले होते. मला माफ करा.