हिबिनोच्या बुटांचं माप

आमच्या मोटार कंपनीत माणसाने पंचावन्न ओलांडली की फेब्रुवारी महिना त्याच्या छातीवर येऊन बसतो. त्या महिन्यात वरचे साहेब एकेकाला खोलीत बोलावतात आणि तोंडी सांगतात: तुम्ही संचालक होणार, किंवा सुटे भाग पुरवणाऱ्या एखाद्या कारखान्यात जाणार. वर जातात ते मूठभर, बाकीच्यांची पाठवणी. माझी दोन वर्षांपूर्वीच झाली, सीट शिवणाऱ्या कारखान्यात. मी सुटलो. हिबिनो मात्र अजून टांगलेला होता.

हिबिनो शिगेआकी आणि मी एकाच वर्षी लागलो. पहिल्या वर्षी दोघांनी दारोदार हिंडून गाड्या विकल्या, कुत्री अंगावर घेतली. पुढे तो खरेदी विभागात चढत गेला. दर सहा महिन्यांनी पुरवठादारांना बोलावून त्यांचे दर खाली आणायचे, हे त्याचं काम. आवाज कधी चढवायचा नाही. चष्मा काढायचा, काच पुसायचा आणि म्हणायचा, "अजून थोडं जमेल ना?" समोरचा घाम पुसत म्हणायचा, "जमेल." याच्या जोरावर तो विभागप्रमुख झाला, आणि याच्याच जोरावर संचालक होईन असं त्याला वाटत होतं.

त्या फेब्रुवारीत तो मला ओदेनच्या, म्हणजे रश्शात शिजवलेल्या मुळ्या-अंड्यांच्या, दुकानात बोलवायचा आणि समोरचा मुळा काड्यांनी नुसता चिवडत बसायचा.

"त्सुझुकी, आज वरच्या मजल्यावरची सेक्रेटरी मला बघून नेहमीपेक्षा जास्त वाकली."

"कंबर दुखत असेल तिची."

"तुला थट्टा सुचते. काझुए म्हणते, मी झोपेत दात खातो."

काझुए म्हणजे त्याची बायको. बिचारीने माहेरीसुद्धा जायचं टाळलं होतं, न जाणो नेमकी त्याच दिवशी बातमी यायची.

अशात इसोगाई आला. दारांच्या बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्याचा म्हातारा मालक. वीस वर्षं हिबिनोसमोर घाम पुसणाऱ्यांतला. काम आटोपल्यावर लिफ्टपाशी त्याने हळूच विचारलं, "हिबिनो-सान, रागावू नका, पण तुमच्या बुटाचं माप काय हो?"

हिबिनोने आधी आजूबाजूला पाहिलं. पुरवठादाराकडून संत्रंसुद्धा घ्यायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम. संचालक म्हटला की गोल्फ आलाच, आणि इथे होऊ घातलेल्या संचालकाला हा गोल्फचे बूट देऊ बघतोय! कोणी ऐकलं तर हातातोंडाशी आलेला घास जायचा. म्हणून त्याने चारचौघांत ऐकवलं, "माझ्या पायांची उठाठेव तुम्हाला कशाला? बिजागऱ्यांकडे लक्ष द्या!"

म्हातारा कमरेत वाकला आणि गेला.

संध्याकाळी मला सांगताना हिबिनो घाबरलेलाही होता आणि आतून फुललेलाही. "ठरलंय रे! या पुरवठादारांना आधी वास लागतो."

"वास लागतो खरा," मी म्हटलं, "पण कसला, ते बघावं लागेल." त्याने ते कानाआड केलं आणि त्या महिन्यात पहिल्यांदा अख्खा मुळा खाल्ला.

पुढच्याच आठवड्यात बोलावणं आलं. साहेब म्हणाले, "हिबिनो-कुन, एप्रिलपासून तुम्ही इसोगाईंकडे, उपाध्यक्ष म्हणून. आम्ही त्यांना आधीच विचारलं होतं. ते आनंदाने हो म्हणाले."

हिबिनोने वाकून आभार मानले. खोलीबाहेर आल्यावर त्याच्या डोक्यात प्रकाश पडला: गोल्फ कसला नि काय कसलं, म्हातारा कारखान्यात घालायच्या लोखंडी टोकाच्या बुटांचं माप विचारत होता. नव्या माणसाची तयारी करत होता. फोन करून माप सांगावं असं त्याला रोज वाटायचं. पण कुठल्या तोंडाने? मार्च तसाच गेला.

एक एप्रिलला सकाळच्या कवायतीआधी कामगार रांगेत उभे होते. इसोगाईने स्वतः राखाडी गणवेश आणि नवे कोरे बूट हिबिनोच्या हातात दिले. बूट एक माप लहान होते. सगळ्यांच्या देखत हिबिनोने पाय कोंबले, नाड्या बांधल्या, कवायत केली आणि दिवसभर कारखाना पायाखाली घातला. संध्याकाळी तो जिना उतरत होता, कठडा धरून, एकेक पायरी.

इसोगाई खाली उभा होता. "घट्ट होतायत ना? बदलून देतो."

"नाही, नाही," हिबिनो म्हणाला. "जमेल."

म्हाताऱ्याने खाली वाकून स्वतःच त्याच्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"हिबिनो-सान, वीस वर्षं मीसुद्धा तुम्हाला तेच सांगत आलो," तो म्हणाला. "जमत नव्हतं हो."